आयुक्त महोदय, नव्या अंदाजपत्रकाआधी जुन्याचा हिशेब द्या

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे

विषय : अंदाजपत्रकासोबत मागील वर्षाचा कामनिहाय हिशेब आणि वर्गीकरणांची (एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवल्याची) यादी जाहीर करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची लगबग लवकरच सुरू होईल. खात्यांकडून मागण्या येतील, पंधरा क्षेत्रीय कार्यालयांतून याद्या येतील आणि एक दिवस आपण स्थायी समितीपुढे जाडजूड पुस्तक ठेवाल. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एकच आकडा ठळक छापला जाईल. २०२२-२३ ला तो ८,५९२ कोटी होता, २०२३-२४ ला ९,५१५, २०२४-२५ ला ११,६०१ आणि २०२५-२६ ला १२,६१८ कोटी. आकडा वाढतो याबद्दल माझी तक्रार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, जून २०२१ च्या अखेरीस आणखी २३ आली आणि क्षेत्रफळाने पुणे ही राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. एवढ्या पसाऱ्याला पैसा लागणारच.

माझी मागणी वेगळी आहे. गेल्या वर्षीच्या पुस्तकात जी कामं कबूल केली होती त्यांचं पुढे काय झालं, हे यंदाच्या पुस्तकात साध्या माणसाला सापडलं पाहिजे. कुठलं काम झालं, कुठलं अर्धवट राहिलं, कुठल्या कामाला हातच लागला नाही आणि त्याचे पैसे कुठे गेले, हे सगळं कळायला हवं. नवी कबुली देण्याआधी जुन्या कबुलीचा हिशेब द्या, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे.

अंदाजपत्रकात आकड्यांची वानवा नसते. प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या ठरावीक सदरासमोर, मागची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. हिशेबनिसाला ते पुरतात. पण कामाचं वर्णन कसं असतं? ‘शहरात विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार सांडपाणी वाहिन्या टाकणे’, ‘विविध रस्त्यांचे डांबरीकरण करणे’ असं. धायरीतल्या एखाद्या गृहिणीला आपल्या गल्लीतली ड्रेनेज लाइन यंदाच्या कामांत होती का, असली तर टाकली का आणि नसली तर पुढच्या वर्षी नंबर लागेल का, हे पाहायचं असेल, तर तिने कुठलं पान उघडायचं? पान नाहीच. तिला क्षेत्रीय कार्यालयात जावं लागतं, नाहीतर नगरसेवकाला गाठावं लागतं, आणि दोन्हीकडे दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ४ सांगतं की अशी माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची असते.

आता वर्गीकरणाबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पालिकेशी फारसा संबंध न आलेले लोकही हे पत्र वाचतील, त्यांच्यासाठी आधी ते काय असतं ते सांगतो. मार्चमध्ये एका कामासाठी पैसे ठेवले जातात. पुढे जागा ताब्यात येत नाही, निविदा रेंगाळते, कुठे स्थगिती मिळते, तर कुठे कुणी पाठपुरावाच करत नाही. बघता बघता वर्ष संपत येतं. मग ती पडून राहिलेली रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवतात, आणि यालाच वर्गीकरण म्हणतात. कायद्याला ते मान्य आहे, आणि अनेकदा ते गरजेचंही असतं. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा पैसे वळवून दवाखान्यांकडे लावावेच लागले. त्याला कुठला शहाणा माणूस हरकत घेईल?

अडचण आहे ती वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत एकामागून एक येणाऱ्या किरकोळ प्रस्तावांची. मोठी पावसाळी वाहिनी, समाविष्ट गावातली पाण्याची टाकी, ओढ्याची संरक्षक भिंत ही कामं अवघड असतात. त्यांना सर्वेक्षण लागतं, जागा लागते, दोन-तीन खात्यांचा मेळ घालावा लागतो. त्यांचे पैसे पडून राहतात. याउलट गल्लीतलं काँक्रिटीकरण, पेव्हर ब्लॉक, बाकडी, नामफलक ही कामं महिना-दीड महिन्यात उरकतात आणि मार्चअखेर बिलही निघतं. त्यामुळे अवघड कामाचा पैसा सोप्या कामाकडे ओघळतो. त्यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं मी म्हणत नाही, कारण व्यवस्थाच त्या दिशेने उतरती आहे. तरतूद खर्ची पडली की खात्याची टक्केवारी चांगली दिसते, आणि ती टक्केवारी कुठल्या कामाने भरली हे विचारलं जात नाही.

याचा परिणाम पावसाळ्यात दिसतो. जुन्या पेठांत आणि उपनगरांतल्या गल्ल्यांत रस्त्यावर रस्त्याचा थर चढत गेला. आता कित्येक वाड्यांचे आणि सोसायट्यांचे उंबरे रस्त्याच्या खाली आहेत. पाऊस पडला की पाणी आधी पार्किंगमध्ये, मग तळमजल्यावर. रस्ता उंचावला तेव्हा त्याच्या कडेची पावसाळी वाहिनीही करायची होती, पण ती दुसऱ्या लेखाशीर्षात होती आणि त्या लेखाशीर्षातली रक्कम कदाचित वळवली गेली असेल. हे ‘कदाचित’ मला नाइलाजाने लिहावं लागतं आहे. वर्गीकरणाची प्रभागवार यादी जाहीर झाली तर ते लिहावं लागणार नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने शहराच्या दक्षिण भागात कसा हाहाकार केला, हे आपल्या खात्यांना सांगायला नको. माणसं वाहून गेली, भिंती पडल्या, गाड्यांवर गाड्या चढल्या. पुढे २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, आणि डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत विजेचा धक्का लागून तिघांचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर तरतुदी जाहीर होतात, आणि तरतूद झाली की बातमी संपते. मला पुढची बातमी हवी आहे. किती मीटर भिंत ठरली होती? किती उभी राहिली? उरलेली का राहिली? यासाठी कुठली समिती किंवा सल्लागार नेमायची गरज नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं. ते तिथून काढून लोकांपुढे ठेवायचं आहे.

लोकप्रतिनिधी असताना सगळं आलबेल होतं आणि प्रशासकाच्या काळात बिघडलं, असं मला सुचवायचं नाही. २०२०-२१ ला आयुक्तांनी ६,२२९ कोटींचं अंदाजपत्रक मांडलं आणि स्थायी समितीने ते ७,३९० कोटींवर नेलं. २०२१-२२ ला ७,६५० कोटींचे ८,३७० झाले. उत्पन्नाची बाजू कागदावर फुगवायची, तिच्या भरवशावर नव्या कामांची यादी जोडायची आणि पैसे आलेच नाहीत की वर्षाच्या मध्यावर कात्री लावायची, ही जुनी सवय आहे. कात्री कुठे लागते? जिथे आवाज कमी असतो तिथे. त्यानंतर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाची राजवट होती. अंदाजपत्रक बनवायचं आयुक्तांनी, स्थायी समिती म्हणून तपासायचं आयुक्तांनी आणि मुख्य सभा म्हणून मंजूरही आयुक्तांनीच करायचं. त्या काळातल्या आयुक्तांनी प्रामाणिकपणे काम केलं असेल. पण प्रश्न विचारणारं समोर कुणी नव्हतं, आणि प्रश्नच आले नाहीत तर चांगल्या अधिकाऱ्याचं कामही सैल पडतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक सभागृहात आले आहेत. जुनी सवय मोडायची तर ती आत्ता, घडी नव्याने बसत असतानाच मोडेल.

दरवर्षी पालिकेच्या कामगिरीचा आढावा निघतो. त्यात इतके किलोमीटर रस्ते, इतके दिवे, इतकी झाडं असं असतं. यावर माझा आक्षेप थोडा मूलभूत आहे. काम किती केलं यापेक्षा ते किती टिकलं, हे मोजलं पाहिजे. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या कार्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जंगली महाराज रस्ता १९७६ साली पूर्ण झाला. मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो केला आणि त्यावर दहा वर्षांची हमी दिली. ती हमी संपून गेली, पुढे दशकं उलटली, तरी ‘खड्डे नसलेला रस्ता’ म्हणून पुणेकर तोच दाखवत राहिले. त्या वर्षीच्या आढाव्यात तो अवघा काही किलोमीटरचा रस्ता म्हणून नोंदला गेला असेल. त्याच वर्षात कुठे दहा किलोमीटर रस्ता करून तो दोन पावसाळ्यांत उखडला असता, तर कागदावर तीच कामगिरी मोठी दिसली असती.

आजही प्रत्येक रस्त्याच्या कामाला दोष दायित्वाचा काळ असतो, म्हणजे त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ही मुदत कुठल्या रस्त्याची कधी संपते, मुदतीत किती खड्डे पडले, त्यातले किती ठेकेदाराने बुजवले आणि किती पालिकेच्या पैशांतून बुजले, याचा तक्ता वार्षिक आढाव्यात आला तर एका पानात सगळी कामगिरी कळेल. असा तक्ता काढण्याचा धाक बसला तरी काम सुधारेल, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या प्रकल्पांबाबत तर हे अधिकच लागू आहे. मुळा-मुठेच्या प्रदूषणाच्या ९९० कोटींच्या प्रकल्पासाठी जपान सरकारच्या जायका या अर्थसाह्य संस्थेसोबतचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दररोज ३९.६ कोटी लिटरची क्षमता. मूळ मुदत कधीच सरली. समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून २०१७ मध्ये पालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात त्याचा मोठा समारंभ झाला, देशभर पुण्याचं नाव झालं. ती योजनाही ठरल्या वेळेत पुरी झाली नाही. जवळपास ४० टक्के पाणी गळतीत जातं, असं पालिकाच सांगत आली आहे. ही गळती थांबवणं हाच त्या योजनेचा गाभा होता. मग वार्षिक आढाव्यात टाक्या किती बांधल्या यासोबत गळती किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आली, हे यायला नको का? टाकी उभी आहे पण तिला जोडणारी मुख्य वाहिनी नाही, किंवा वाहिनी आहे पण मीटर नाहीत, तर टाकी ही कामगिरी कशी धरायची?

समाविष्ट गावांतल्या लोकांना हा हिशेब सर्वांत आधी मिळाला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती आणि संशय पाण्यावर होता. पालिकेत येऊन काही वर्षं झालेल्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी मिळत नव्हतं, ही गोष्ट साथ आल्यावर शहराला कळली. त्या गावातल्या माणसाला ती आधीपासून माहीत होती. पण त्याच्या माहितीला अंदाजपत्रकात जागा नव्हती. मिळकतकराच्या वसुलीवरून या गावांत किती खदखद होती आणि त्यात राज्य सरकारला कसं पडावं लागलं, तेही आपण जाणता. सेवा आधी की कर आधी, हा वाद बोलून मिटणार नाही. प्रत्येक गावापुढे दोन आकडे ठेवा : इथून किती कर आला आणि इथे किती खर्च झाला. आकडे गावाच्या विरोधात गेले तरी ठेवा. लोक समजून घेतील.

पीएमपी या शहर बससेवेची तूट, मेट्रोला जोडणारे रस्ते, नदीकाठ सुधार हे सगळे मोठे विषय आहेत. त्यांवर बोलणारे जाणकार भरपूर आहेत, म्हणून त्यांत मी शिरत नाही. फक्त पीएमपीत ६० टक्के वाटा पालिकेचा आहे, तेव्हा वार्षिक आढाव्यात बसथांब्यावर माणूस किती वेळ ताटकळतो, हेही यावं.

देखभालीचं मात्र बोललंच पाहिजे. नवं स्वच्छतागृह बांधणं ही भांडवली तरतूद असते. त्यातला नळ, कडी, दिवा, पाण्याची टाकी आणि सफाई करणारी व्यक्ती यांचा खर्च महसुली बाजूला असतो, आणि तो नेहमी कमी पडतो. नळ तुटला की तो पंधरा दिवस तुटलेलाच राहतो, कडी नाही म्हणून बायका आत जात नाहीत, मग वापर नाही म्हणून कुलूप लागतं. आढाव्यात मात्र ते स्वच्छतागृह ‘बांधलं’ या रकान्यात कायमचं जमा असतं. प्रत्येक नव्या बांधकामासोबत पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ओळीत छापावा. ती रक्कम पालिकेला झेपत नसेल, तर ते बांधकाम त्या वर्षी मंजूर करू नये.

पालिकेने चांगलं केलेलं नाही, असा माझा सूर वाटत असेल तर तो गैरसमज दूर करतो. दारोदारचा कचरा उचलण्याचं काम कचरावेचक महिलांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला देण्याचा निर्णय या पालिकेने घेतला, आणि ज्या बाया उकिरड्यावर कचरा वेचत होत्या त्या आज हक्काने आपल्या दारात येतात. २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी काठी टेकत चालणारी आजी रस्त्याच्या मधोमध, कुठलाही हॉर्न न ऐकता चालताना दिसते. मुलं डांबरावर खडूने सापशिडी काढतात. हे बघून कुणाला आनंद होणार नाही? म्हणूनच विचारतो, उरलेल्या ३६४ दिवसांत त्याच रस्त्याचे पदपथ किती मोकळे राहतात, हे पादचारी धोरणाच्या वार्षिक आढाव्यात का नसावं?

आता नागरिकांच्या सहभागाबद्दल. सहभागी अंदाजपत्रकाची सुरुवात ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये झाली, आणि भारतात ते धाडसाने आणणाऱ्या पहिल्या शहरांत पुणे होतं. २००६ पासून आपण नागरिकांकडून कामं सुचवून घेतो. अर्जात कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे खर्च. पाच लाखांपर्यंतची मर्यादा. पदपथ, पथदिवे, बाकडी, बसथांबा, स्वच्छतागृह अशी साधी कामं. कल्पना फार मोलाची आहे. पण अर्ज दिल्यावर पुढे काय झालं, हे अर्जदाराला लेखी कळवण्याची पक्की पद्धत हवी. मंजूर झालं तर लेखाशीर्ष आणि कामाची तारीख, नामंजूर झालं तर एका ओळीत कारण, आणि मंजूर होऊनही पैसे दुसरीकडे वळवले तर तेही. उत्तर आलं की माणूस पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो, नाहीतर तो ‘यांच्याकडे काही होत नाही’ म्हणत घरी बसतो, आणि मग सुचवणारे तेवढे नगरसेवकाचे कार्यकर्ते उरतात. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभांची, तरतूद झाली. त्या सभा नियमित भरल्या तर वर्षातून एकदा हा हिशेब मतदारांपुढे तोंडी मांडता येईल.

यात नवा कायदा लागत नाही. वार्षिक प्रशासन अहवाल तयार करण्याची जबाबदारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांवर टाकलेलीच आहे. पर्यावरण स्थितीचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपर्यंत सभागृहापुढे ठेवायचा दंडकही त्याच कायद्यात आहे, आणि पालिका तो अहवाल काढते. नदीच्या पाण्यात ऑक्सिजन किती उरला आहे हे त्यात लिहिताना पालिका संकोच करत नाही. तेवढाच मोकळेपणा आपल्या खर्चाबाबत दाखवायचा आहे.

सगळ्या खात्यांचं एकदम करणं जमणार नाही, हे मला कळतं. एकेका कनिष्ठ अभियंत्यावर किती कामांचा बोजा आहे तेही शहराला दिसतं. म्हणून सुरुवात दोनच खात्यांपासून करावी : पथ विभाग आणि मलनिस्सारण विभाग. चालू वर्षात मंजूर झालेलं प्रत्येक काम, प्रभाग, तरतूद, कार्यादेशाची तारीख, प्रत्यक्ष खर्च आणि सद्यस्थिती, एवढे रकाने पुरेत. वर्गीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव स्थायी समितीपुढे जाण्याआधी किमान सात दिवस संकेतस्थळावर मराठीत यावा. कुठल्या कामाचे पैसे काढले, कुठे वळवले, मागणी कुणाची आणि मूळ काम आता कधी होणार, या चार प्रश्नांची उत्तरं त्यात असावीत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘होणार नाही’ असेल तर तेही स्पष्ट लिहावं.

नागरिकांचे अर्ज मागवण्याआधी हा तक्ता क्षेत्रीय कार्यालयांच्या फलकावर लागला, तर लोक झालेलं काम परत सुचवणार नाहीत आणि राहिलेलं काम नेमकं सुचवतील. आमच्या प्रभागातल्या नोंदी जागेवर जाऊन पडताळून देण्याची जबाबदारी मी आणि माझे शेजारी घ्यायला तयार आहोत. त्यासाठी कुठल्या अधिकाऱ्याशी संपर्क साधायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक मिळकतकरदाता पुणेकर